डोंगरातल्या व्हॅलीत बोल्डरिंगला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सीझनच्या आधी कुणी ना कुणी विचारतंच, की अमुक व्हॅलीत बोल्डरिंगला, म्हणजे दोर न लावता, खाली पॅड म्हणजे जाड गादी टाकून मोठे दगड चढायला जायचंय, काय काय लागेल, किती दिवस पुरतील, आपल्याला जमेल का. सगळ्यांना माझं एकच सांगणं असतं, ट्रिप प्रॉब्लेमच्या, म्हणजे दगडावर चढायच्या ठरलेल्या वाटांच्या, यादीवरून आखू नका, बोटांची कातडी किती दिवस टिकेल आणि दगड कधी थंड आणि कोरडा मिळेल यावरून आखा. बाकीचं बरंचसं त्यातूनच ठरत जातं.

आधी जागा ठरवायची की तारखा?

सुट्टी आधीच ठरलेली असेल तर त्या महिन्यात कुठला दगड चढण्यासारखा असतो ते शोधा आणि मग जागा पक्की करा. बरेच जण उलटं करतात, फोटो बघून जागेच्या प्रेमात पडतात, मिळेल त्या सुट्टीत निघतात आणि तिथे पोचल्यावर कळतं की अर्धे दगड बर्फाखाली आहेत किंवा दुपारी हात लावता येत नाही इतके तापलेत.

प्रत्येक जागेचा स्वतःचा सीझन असतो. हिमाचलमध्ये लाहौलमधलं छत्रू चंद्रा नदीच्या काठावर, ३००० मीटरच्या वर आहे, हिवाळ्यात तिथे बर्फ असतो, म्हणून ती उन्हाळ्याची आणि फार तर शरदाच्या सुरुवातीची जागा. स्वित्झर्लंडच्या आव्हर्स खोऱ्यातलं मॅजिक वूड नदीकाठच्या जंगलात आहे, तिथेही उन्हाळा आणि शरद. पण त्याच देशात दक्षिणेला तिचिनोमध्ये क्रेशियानो आणि किरोनिको आहेत, ते खाली, कमी उंचीवर, तिथे लोक थंडीतच जातात कारण उन्हाळ्यात हात घामाने सटकतात. कॅलिफोर्नियात बिशपजवळचे बटरमिल्कचे प्रचंड दगड साधारण नोव्हेंबर ते मार्च चढतात. आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रॉकलँड्सला जून ते ऑगस्टमध्ये गर्दी असते कारण तेव्हा तिकडे हिवाळा चालू असतो, हे गोलार्धाचं गणित विसरून बुकिंग करणारे लोक मी पाहिलेत.

एक साधा हिशोब लक्षात ठेवा, दर १००० मीटर चढलं की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. म्हणजे खाली पायथ्याला ३० अंश असेल तर २००० मीटर वर गेल्यावर १७ च्या आसपास, आणि तेवढ्यात खूप फरक पडतो.

किती दिवसांची ट्रिप ठेवावी?

लोकांना वाटतं आठ दिवस मिळालेत तर आठही दिवस चढायचं. मी पहिल्यांदा अशीच ट्रिप आखली होती आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, पेराच्या बरोबर मध्यात, आडवी चीर पडली. दिसायला केसाएवढी, पण होल्डवर, म्हणजे दगडातल्या पकडीच्या जागेवर, दाब दिला की उघडायची आणि रक्त यायचं. पुढचे पाच दिवस मी इतरांचे पॅड उचलले.

ग्रॅनाइट किंवा नाइसच्या (ग्रॅनाइटसारखाच पट्टेरी दगड) दगडावर खडे खरखरीत असतात, जिममध्ये, म्हणजे चढाईच्या कृत्रिम भिंतीवर, आठवडाभर चढणारी कातडी तिथे दीड-दोन दिवसांत गुलाबी होते. म्हणून साधारण दोन दिवस चढाई, एक दिवस आराम असं धरा, आणि जागा नवीन असेल तर पहिल्या दिवशी मुद्दाम कमी चढा. आठ दिवसांच्या ट्रिपमध्ये पाच दिवस चांगले मिळाले तरी उत्तम समजा. त्यातला एखादा पावसात जाणार हेही आत्ताच धरून चाला.

आरामाचा दिवस म्हणजे वाया गेलेला दिवस असं कुणी म्हणालं की मला फार वाईट वाटतं. त्या दिवशी नुसतं खोऱ्यात फिरा, पुढचे दगड बघून ठेवा, कुठल्या दगडावर किती वाजता सावली येते ते लिहून घ्या, उतरायची वाट शोधा. माझे सगळ्यात चांगले सेंड, म्हणजे न पडता माथ्यापर्यंत पूर्ण केलेले प्रॉब्लेम, आदल्या दिवशी नुसतं बघून आलेल्या दगडांवरच झालेत.

माझी लेव्हल पुरेशी आहे का? ग्रेड कसे वाचायचे?

बोल्डरिंगमध्ये प्रॉब्लेम किती अवघड ते सांगणाऱ्या ग्रेडच्या मुख्यतः दोन पद्धती आहेत. व्ही स्केल टेक्सासमधल्या ह्युको टँक्सला जॉन शर्मन यांनी सुरू केलं, ते व्ही० पासून आत्ता व्ही१७ पर्यंत जातं. दुसरं फ्रान्समधल्या फाँतेनब्लोचं, त्याला सगळे फॉन्ट म्हणतात, ते आत्ता ९ए पर्यंत पोचलंय. ढोबळ मानाने व्ही४ म्हणजे ६बी किंवा ६बी प्लस, व्ही८ म्हणजे ७बी, व्ही१० म्हणजे ७सी प्लस.

आता खरा मुद्दा. जिममधला ग्रेड बाहेर घेऊन जाऊ नका, विशेषतः पहिल्या ट्रिपला. बाहेर होल्डला रंग नसतो, पाय कुठे ठेवायचा ते शोधण्यातच निम्मा जोर जातो, आणि टॉपआउट असतो, म्हणजे माथ्यावर पालथं पडून अंग वर ओढून उभं राहायचं असतं, जे बहुतेक जिममध्ये शिकवतच नाहीत. जिममध्ये व्ही५ चढणाऱ्या माणसाने पहिले दोन दिवस व्ही१ ते व्ही३ वर घालवले तर त्यात काहीच कमीपणा नाही, उलट तेवढ्यात दगडाचा पोत कळतो. अगदी नवशिके असाल तरी जा, बहुतेक खोऱ्यांत सोपे आणि सुंदर प्रॉब्लेम भरपूर असतात, फक्त ते इंटरनेटवरच्या व्हिडिओत दिसत नाहीत कारण सोप्याचे व्हिडिओ कुणी काढत नाही.

गाइडबुक घ्यावंच लागतं का, अॅपवर भागत नाही का?

छापील गाइडबुक असेल तर घ्या. त्यात वाट, उतरायची बाजू, कुठल्या शेतातून किंवा खाजगी जागेतून जायचं नाही, पक्षी घरटी करतात म्हणून कुठला भाग कुठल्या महिन्यांत बंद असतो, हे सगळं असतं, आणि त्या विक्रीतून बऱ्याचदा तिथल्या वाटा आणि परवानग्या सांभाळणाऱ्या लोकांना मदत होते. अॅप वापरायचंच असेल तर नकाशे आणि फोटो आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण खोल खोऱ्यात नेटवर्क नसतं हेच धरून चला. फोन थंडीत पटकन बंद पडतो, तो आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा.

क्रॅशपॅड किती लागतात आणि न्यायचे कसे?

दोघं असाल तर किमान दोन, तिघं असाल तर तीन, आणि दगड उंच किंवा खालची जमीन खडकाळ असेल तर तेवढे पण कमी पडतात. मैदानी जागेत एका पॅडवर भागतं पण डोंगरातल्या खोऱ्यात दगड हे वरून घरंगळत आलेले असतात, त्यांच्याखाली सपाट गवत क्वचितच असतं, बहुधा लहान मोठ्या दगडांची रास असते, दोन दगडांमध्ये गुडघाभर खोल फटी असतात. तिथे पॅड नुसता टाकून चालत नाही. आधी मोठी फट एका पॅडने भरायची, त्यावर दुसरा सपाट टाकायचा, आणि दोन पॅड जिथे भेटतात ती शिवण झाकायची, कारण घोटा मुरगळतो तो नेमका त्या शिवणीत पाय गेल्यावर. त्यासाठी एक पातळ छोटा पॅड वेगळा ठेवला तर फार उपयोगी पडतो, सिट स्टार्टला, म्हणजे बसून सुरू होणाऱ्या प्रॉब्लेमला, बसायलाही होतो.

साधा पॅड उघडल्यावर साधारण १०० बाय १३० सेंटिमीटर, १० सेंटिमीटर जाड आणि ५ ते ७ किलोचा असतो. आत वरच्या बाजूला कडक फोम आणि खाली मऊ फोम असतो, कडक थर धक्का पसरवतो आणि मऊ थर तो पितो, म्हणून पॅड उलटा टाकू नका, घाईघाईत हे फार वेळा होतं. थंडीत फोम आणखी कडक होतो. पाठीवर पॅड घेऊन अरुंद वाटेने चालताना वाऱ्याचा झोत आला की शिडासारखा ओढतो, कड्याच्या किंवा नदीच्या बाजूला हे लक्षात असू द्या.

विमानाने न्यायचा असेल तर बऱ्याच एअरलाइनचा नियम लांबी अधिक रुंदी अधिक उंची मिळून १५८ सेंटिमीटर आणि २३ किलो असा असतो. मिटलेला पॅड साधारण १०० बाय ६५ बाय २० धरला तरी बेरीज १८५ होते, म्हणजे तो जास्तीच्या आकाराच्या सामानात जातो. त्यामुळे बुकिंग करतानाच एअरलाइनला विचारा, विमानतळावर जाऊन वाद घालण्यात अर्थ नाही. नेत असाल तर मिटलेल्या पॅडच्या आत कपडे, शूज, चॉक बॅग (हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरची पिशवी) सगळं भरता येतं, दुसरी बॅग वाचते. पण जिथे जाताय तिथे पॅड भाड्याने मिळत असतील तर मी तरी भाड्यानेच घेईन.

स्पॉटिंग म्हणजे पडणाऱ्याला झेलायचं का?

नाही, आणि हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. सत्तर किलोचा माणूस तीन मीटरवरून आला तर त्याला कुणी झेलू शकत नाही. स्पॉटरचं काम त्याला पॅडवर आणणं आणि त्याचं डोकं, मान, पाठ वाचवणं. हात वर, कोपरं थोडी वाकलेली, बोटं एकमेकांना चिकटलेली आणि अंगठा आत दुमडलेला, कारण उघडा अंगठा पहिला मोडतो. नजर हातांवर नको, कमरेवर ठेवा, हात काय करतायत ते बघत बसलात की पडणं दिसतच नाही. पडायला लागला की काखेखाली किंवा कमरेला धरून ढकलायचं, पॅडच्या मध्यावर.

चढणारा वर सरकला की पॅडही सरकवावे लागतात, आडव्या प्रॉब्लेमवर तर एक माणूस फक्त त्याच कामाला लागतो. आणि चढणाऱ्याने स्पॉटर आहे म्हणून बेफिकीर राहू नये. पडताना दोन्ही पाय, गुडघे सैल, हात छातीशी, मागे लोळायचं. मागे हात टेकवला की मनगट गेलं.

वर पोचलो पण उतरायचं कसं?

हा प्रश्न खालून विचारायचा असतो आणि मला तो बहुतेक वेळा वरून विचारलेला ऐकू आलाय.

एकदा आम्ही नदीकाठचा एक दगड चढलो, समोरची बाजू पाच मीटर, सुरेख स्लोपर (कड नसलेले, उतरते गोल होल्ड), वर सपाट माथा. माथ्यावर बसून दोन मिनिटं डोंगर बघितले आणि मग लक्षात आलं की मागची बाजू पुढच्यापेक्षा गुळगुळीत आहे आणि खाली पाणी आहे. शेवटी चढलो त्याच बाजूने, खालच्या माणसाने एकेक पाय सांगत, पॅड सरकवत उतरवलं, आणि त्याला चढण्यापेक्षा चौपट वेळ लागला, हात थरथरत होते. तेव्हापासून शूज घालण्याआधी मी दगडाला पूर्ण प्रदक्षिणा घालते. उतरायची बाजू सोपी असली तरी एकदा चढून उतरून बघते, ओली आहे का, शेवाळ आहे का. आणि माथ्यावरची माती, पाइनची सुकलेली पानं, सुटे दगड आधीच झाडून काढते, कारण टॉपआउटला हात नेमका त्यावरच पडतो.

दिवसाच्या कुठल्या वेळी चढावं? थंडीत दगडाला जास्त पकड मिळते हे खरं आहे का?

हो, खरं आहे, आणि बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त खरं आहे. बोटांना घाम कमी येतो, कातडी कडक राहते, शूजचं रबर होल्डवरून घसरत नाही. शून्य ते दहा अंश, हवा कोरडी आणि थोडा वारा असला की जो स्लोपर काल साबणासारखा वाटत होता तो आज हातात बसतो. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, ते घाम शोषतं, पण हवाच दमट असेल तर कितीही लावलं तरी उपयोग होत नाही, उलट जाड थर बसून होल्ड आणखी घसरडा होतो.

खोऱ्यात हे सगळं सूर्य कुठून येतो त्यावर अवलंबून असतं. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर सावली जास्त वेळ टिकते, दक्षिणेकडचा उतार दिवसभर तापतो. खोरं अरुंद असेल तर एका बाजूला सकाळी ऊन असतं आणि दुसऱ्या बाजूला दुपारनंतर, म्हणजे दुपारी नदी ओलांडून बाजू बदलली की दिवसभर सावलीत चढता येतं. वाऱ्याचंही ठरलेलं असतं, दिवसा उतार तापले की वारा खोऱ्यातून वरच्या दिशेने वाहतो आणि रात्री थंड हवा खाली उतरते. त्यामुळे संध्याकाळी ऊन गेल्यावर पहिला तास बऱ्याचदा सगळ्यात चांगला असतो, दगडाची ऊब गेलेली असते आणि हवेत अजून दव नसतं. मी अवघड प्रॉब्लेमचे प्रयत्न त्या तासासाठी राखून ठेवते. हेडलँप घेऊन जा, परतीची वाट अंधारात वेगळी दिसते.

थंडीत वॉर्मअप मात्र चुकवू नका. बोटं सुन्न असताना क्रिम्पला, म्हणजे बोटांच्या टोकांपुरत्या बारीक होल्डला, लटकलं की दुखापत ठरलेली. वीस मिनिटं चालणं, मग सोप्या प्रॉब्लेमवर मोठे होल्ड, मधे हात खिशात, दोन प्रयत्नांमध्ये जाड जॅकेट अंगावर. मोठ्या प्रयत्नांमध्ये निदान पाच मिनिटं थांबा.

पाऊस पडून गेला, उद्या चढता येईल का?

दगडावर अवलंबून आहे. ग्रॅनाइट आणि नाइस ओले झाले तरी कमकुवत होत नाहीत, वारा असला तर काही तासांत वाळतात, अगदी उभ्या आणि उघड्या दगडावर तासाभरात पण. पण जंगलातले दगड, जसे मॅजिक वूडमधले, शेवाळाच्या आणि झाडांच्या सावलीत असतात, ते दोन दिवस दमट राहू शकतात.

वाळूचा दगड म्हणजे सँडस्टोन असेल तर बाहेरून कोरडा दिसला तरी थांबा. पाण्याने त्यातले कण धरून ठेवणारा बंध सैल होतो आणि होल्ड अक्षरशः हातात येतो. एकदा तुटलेला होल्ड परत येत नाही, कुणाचा तरी आवडता प्रॉब्लेम कायमचा बदलतो. एक ते तीन दिवस थांबायचं, आणि दगडाजवळची माती थोडी उकरून बघायची, ती आत ओली असेल तर दगडही ओला आहे.

आणखी एक, दुपारी ढग जमायला लागले आणि गडगडाट ऐकू आला की ओव्हरहँगच्या खाली आडोशाला बसू नका. वीज जमिनीतून आणि दगडाच्या तोंडातून पसरते, उथळ गुहा आणि झुकलेल्या दगडाखालची जागा त्यात धोक्याची असते. गाडीत किंवा पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

नदीपलीकडचे दगड छान दिसतायत, ओलांडून जाऊ का?

नदी हिमनदीच्या किंवा बर्फाच्या पाण्याची असेल तर ती सकाळी कमी आणि दुपारनंतर चढलेली असते, कारण दिवसभर वितळलेलं पाणी खाली पोचायला वेळ लागतो. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून गेलेले लोक संध्याकाळी मांडीएवढं पाणी बघून पलीकडेच अडकतात. पूल असेल तर लांबून का होईना पुलावरूनच जा. पूल नसेल आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल तर अलीकडच्या दगडांवर खूश राहा, पाठीवर पॅड असताना पाण्यात तोल गेला तर सावरता येत नाही.

उंचीचा त्रास होतो का? आपण तर ट्रेकिंग करणार नाही.

उंचीला तुम्ही ट्रेक करताय की बोल्डरिंग हे कळत नाही. २५०० मीटरच्या वर झोपायला गेलात की डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं. ३००० मीटरच्या वर रोजची झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. गाडीने थेट वर जाणाऱ्यांना जास्त त्रास होतो कारण शरीराला वेळच मिळत नाही. डोकेदुखीबरोबर चालताना तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर ताबडतोब खाली उतरा, रात्र असली तरी.

चढाईतही फरक जाणवतो. एकेका मूव्हची ताकद तेवढीच वाटते पण दोन प्रयत्नांमध्ये दम परत यायला दुप्पट वेळ लागतो, तो द्या. आणि दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, बर्फ जवळ असेल तर आणखी, सनस्क्रीन मान आणि कानाला पण लावा. बोटांना लागू देऊ नका, होल्डवर चिकट थर बसतो.

बोटांची काळजी कशी घ्यायची?

इथे मी थोडं सविस्तर सांगते कारण याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. ट्रिपच्या दोन आठवडे आधीपासून नखं छोटी ठेवा पण अगदी मुळापर्यंत नको. घट्टे वाढले असतील तर बारीक सँडपेपरने घासून सपाट करा, उंचवटा राहिला की तोच होल्डमध्ये अडकतो आणि सालपटासकट निघतो. चढून झालं की लगेच हात धुऊन चॉक काढा, ते रात्रभर राहिलं तर कातडी कोरडी होऊन तडकते. मग बाम लावा, पण रात्रीच. सकाळी लावला तर बोटं मऊ पडतात.

चढताना दर थोड्या वेळाने बोटं उजेडात धरून बघा. पेरावर लालसर, चकचकीत, ओलसर ठिपका दिसायला लागला म्हणजे खालची नवी कातडी वर आलीये, आता जास्तीत जास्त दोन-तीन प्रयत्न उरलेत. ते वापरायचे की उद्यासाठी ठेवायचे हे तुम्ही ठरवा, माझं मत उद्यासाठी ठेवा. चीर पडलीच तर कडा सपाट घासा, धुवा, टेप लावा, आणि त्या दिवसापुरतं मोठ्या होल्डवर जा.

शूज किती न्यावेत?

दोन जोड. एक घट्ट, अवघड प्रॉब्लेमसाठी, एक सैल, वॉर्मअपसाठी आणि पहिला फाटला तर म्हणून. नवे कोरे शूज ट्रिपवर पहिल्यांदा घालू नका.

एकटं जावं का?

खोऱ्यात एकटं जा, हरकत नाही, पण एकटं चढताना उंच दगड आणि खराब लँडिंग (खालची पडायची जागा) टाळा आणि कुठल्या भागात आहात, किती वाजता परतणार ते कुणाला तरी सांगून निघा. बोल्डरिंगच्या जागी सोबत पटकन मिळते, पॅड घेऊन कुणाच्या बाजूला उभं राहिलं की ओळख होतेच.

वसंतात गेलो तर दगडांभोवती बर्फ असेल, चालेल का?

दगड कोरडा असेल तर चालतं, पण जमिनीकडे लक्ष द्या. दगड उन्हाने तापतो आणि त्याच्या कडेचा बर्फ आतून वितळतो, वरून सपाट दिसतो आणि खाली पोकळी असते. त्यावर पॅड टाकून कुणी पडलं की पॅडसकट आत जातं. काठीने टोचून बघा, पोकळ असेल तर पायाने पाडून टाका आणि मग पॅड लावा. वितळणाऱ्या बर्फाच्या दिवसांत वरच्या कड्यांवरून दगड पण सुटतात, कारण रात्री फटीत पाणी गोठतं आणि दिवसा सैल होतं. ताजे फुटलेले, फिकट रंगाचे, कडा धारदार असलेले दगड आजूबाजूला दिसले तर दुपारच्या उन्हात तिथे तळ ठोकू नका.

ब्रश, चॉकच्या खुणा, शेवाळ, काय नियम आहेत?

मऊ केसांचा ब्रश वापरा, तारेचा कधीच नाही, त्याने दगड गुळगुळीत होतो. आपण चढून झालं की होल्ड ब्रश करा आणि पाय कुठे ठेवायचा म्हणून ओढलेल्या चॉकच्या रेघा पुसा. योसेमिटीत कॅम्प ४ मध्ये कोलंबिया बोल्डरवर मिडनाइट लायटनिंग आहे, रॉन काउक यांनी १९७८ मध्ये चढलेला, त्यावरची चॉकने काढलेली वीज जगप्रसिद्ध आहे, पण ती एक आहे म्हणून शोभते. प्रत्येकाने आपापली खूण सोडली तर पुढच्या माणसाला दगड वाचायचा आनंद मिळत नाही.

दगडावरचं शेवाळ स्वतःहून खरवडू नका, तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय नवा प्रॉब्लेम साफ करणंही नको. होल्ड कोरणं, चिकटवणं हा तर विषयच नाही. पॅड ओढत नेऊ नका, उचला, ओढल्याने गवत आणि मुळं निघतात आणि एका सीझनमध्ये दगडाखाली उघडी माती होते, मग पावसात ती वाहून जाते आणि लँडिंग दर वर्षी खाली खाली जातं.

शौचासाठी पाण्यापासून आणि वाटेपासून किमान ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा. कागद पिशवीत घालून परत न्यायचा. झाडांच्या रेषेच्या वर माती पातळ आणि थंड असते, तिथे काहीच कुजत नाही, तिथून सगळंच पिशवीत घेऊन खाली यायचं. दगडाच्या मागची आडोशाची जागा ही कुणाची तरी उतरायची वाट असते हेही बघा.

दुखापत झाली तर?

सगळ्यात जास्त घोटे आणि मनगटं जातात. पट्टी, टेप, वेदनाशामक, जखम धुवायला स्वच्छ पाणी, चकाकणारं ब्लँकेट आणि शिट्टी एवढं पॅडच्या खिशात कायम ठेवा. बोटात टक असा आवाज आला, बहुधा अनामिकेत, आणि तळाशी दुखायला लागलं तर तो पुलीचा, म्हणजे बोटातली कंडरा हाडाशी धरून ठेवणारा, लिगामेंट असू शकतो, त्याच क्षणी थांबा. टेप लावून संध्याकाळपर्यंत रेटलेल्या एका मैत्रिणीला नंतर कित्येक महिने चढता आलं नाही. जवळचं हॉस्पिटल कुठे, नेटवर्क नेमकं कुठल्या वळणावर येतं, तिथला आपत्कालीन नंबर काय, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. डोंगरातल्या बचावाचा खर्च धरणारा विमा काढा आणि त्यात बोल्डरिंग आणि तुमची उंची बसते का ते वाचून बघा.

पॅड ओला झाला, तसाच बांधून आणला, आता वास येतोय. काय करू?

पूर्ण उघडा, चेन असेल तर फोम बाहेर काढा, कव्हर साध्या पाण्याने ब्रशने घासा आणि दोन्ही सावलीत, वाऱ्यावर उभे करून ठेवा. कडक उन्हात ठेवू नका, कापड आणि शिवण दोन्ही कमकुवत होतात. फोम बाहेरून वाळला तरी आतून दोन-तीन दिवस ओला राहतो, हाताने दाबून बघा, थंड लागला तर अजून ओला आहे. पूर्ण वाळल्यावर उघडाच, आडवा ठेवा, दुमडून कोपऱ्यात महिनोन्महिने ठेवलेला पॅड घडीच्या रेषेवर कायमचा दबतो आणि पुढच्या ट्रिपला तुमची टाच बरोबर तिथे येते.